रायफलीचं लाल औषध

माझ्या नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आण्णांनी न विचारता उचलून नेली, त्या दिवसापासून ती मुलगी मला डोळ्यांसमोर नको झाली. खरं सांगायचं तर त्याच्या आधीपासूनच नको झाली होती. पण बाटलीचा दिवस मला लख्ख आठवतो.

आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्यांत आम्ही तिघं, आणि मध्ये एक जुनी सतरंजी पडदा म्हणून टांगलेली. आईच्या फोडणीचा वास गॅरेजात आणि गॅरेजातल्या रॉकेलचा वास आमच्या भातात, असा सगळा एकत्र संसार. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी बारावीला होते. गाडी रस्त्यावरून वळली की पडद्याआडून नुसत्या आवाजावर मी सांगायची, प्लग काळा पडलाय की चेन सैल झालीय. आण्णा ऐकायचे, हसायचे, आणि नेमकं तेच निघालं तरी माझ्या हातात पाना द्यायचे नाहीत.

"पोरीचं काम न्हाय हे," ते म्हणायचे. "हात काळं झालं तर बघाय येणारं पावणं काय म्हनतील?"

पावण्यांचा अजून पत्ता नव्हता. पण न आलेल्या पावण्यांच्या धाकानं मी पडद्याच्या अलीकडं, आणि मला हवं ते सगळं पलीकडं. मी पाना मागितला की झाडू मिळायचा.

अशात एका दुपारी ती मोपेड ढकलत आली. माझ्याच वयाची, उंच, केस बारीक कापलेले. गडहिंग्लजकडच्या व्यापारी लिंगायत घरातली. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजात. शिकायला राजारामपुरीत मामाकडं राहिली होती. आण्णांनी प्लग साफ करून दिला, तेव्हा ती म्हणाली, "मामा, वाटीभर रॉकेल मिळंल का?"

"कशाला? स्टो पेटवायचाय व्हय?"

"न्हाय. रायफल पुसायची हाय."

आण्णांच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. आयुष्यभर त्यांनी इंजिनं उघडली होती, पण रायफल कधी जवळून पाहिली नव्हती. ती गावाबाहेरच्या रेंजवर नेमबाजी शिकत होती. रायफल क्लबची, जुनी, लाकडी दस्त्याची. ती साफ करायचं परदेशी औषध रेंजवरच्या मास्तरांकडं होतं, एवढीशी बाटली. ते महाग आणि सहज न मिळणारं, म्हणून मास्तर देवळातल्या तीर्थासारखं थेंब थेंब द्यायचे. सगळ्यांना पुरायचं नाही, मग ज्याची त्यानं सोय बघायची.

"त्यात काय एवढं?" आण्णा म्हणाले. "कार्बनच काढायचा न्हवं? मग आमी काय आयुष्यभर दुसरं काय काढलंय? बस बाळ, च्या घे."

बाळ! मला ते "ए" म्हणायचे. "ए, पाणी आण." "ए, दार लाव." मी चहा घेऊन आले तेव्हा ती माझ्या स्टुलावर बसली होती. म्हणजे स्टूल काही माझं नव्हतं, गॅरेजचं होतं. पण पडद्याजवळचं तेवढं एकच स्टूल, ज्याच्यावर बसून मला आण्णांचे हात चालताना दिसायचे.

त्या आठवड्यापासून आण्णांना वेडच लागलं. दर रविवारी सकाळी स्कूटरच्या डिकीत डबे-बाटल्या भरून ते रेंजवर जायला लागले आणि तिथल्या रायफली फुकटात धुवायला लागले. बाकीचे दिवस गॅरेजात प्रयोग. जळका पिस्टन घ्यायचा, जुन्या सायलेन्सरचा तुकडा घ्यायचा, एकेका पत्र्यावर एकेक थेंब टाकायचा आणि बघत बसायचं. गिऱ्हाईक बोंबलत उभं राहिलं तरी यांचं लक्ष पत्र्यावर.

आणि हे सगळं ज्ञान कुणाला? तिला. संध्याकाळी रेंजवरून परतताना ती थांबायची आणि आण्णा तिला समजावून सांगायचे. मी पडद्याआड कांदा चिरत ऐकायची. तिच्या नशिबानं जे तिला मिळालं, ते मी चोरून घेतलं.

"पेट्रोल नको," आण्णा सांगायचे. "मळ निघतोय, पर लोखंडाच्या अंगातलं तेल बी जातंय. चार दिसांत गंज. आनि भडका उडायचं भ्या येगळंच. नुसतं रॉकेल बरं, पर मागनं तेलाचं फडकं फिरवाय लागतंय, न्हाईतर तेबी वलावा धरतंय. ब्रेक आईल तर जवळ बी आणू नको. लाकडी दस्त्यावर एक ठिपका पडला तर पालिश उठून यील. टाकीचा रंग गेलेल्या गाड्या बघितल्यात न्हवं? सगळी ब्रेक आईलाची करणी."

मग हळूहळू त्यांचं स्वतःचं औषध जमलं. रॉकेल, थोडं टर्पेंटाइन, ट्रकच्या स्टिअरिंगमधलं लाल तेल, आणि गोळ्यांवरचं चिकट मेण कापायला जरा कडक काहीतरी. थिनर त्यांना फार उग्र वाटला. तेव्हा त्यांची नजर माझ्या कप्प्यावर गेली. मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नासाठी मी आईच्या मागं लागून रिमूव्हर आणलं होतं. निम्मंही वापरलं नव्हतं. कॉलेजमधून आले तर बाटली गायब, आणि गॅरेजात खोकल्याच्या औषधाच्या मोठ्या बाटलीत डाळिंबाच्या रंगाचं काहीतरी तयार.

"आण्णा, माझी बाटली?"

"आगं, कामाला आली की! बघ तरी कसं झालंय." त्यांनी पत्र्यावर एक थेंब टाकला, शिलाई मशीनच्या तेलात बुडवलेलं जुन्या बनियनचं फडकं वरून फिरवलं. पत्रा चकाकला. "तिला उद्या दावतो."

मला दाखवलंच होतं की, तरी म्हणे तिला दावतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. घरात मुलगी होती, कान होते, हात होते, हौस होती. पण आण्णांना शिष्या सापडली ती गडहिंग्लजची.

वाईट याचं, की ती वाईट नव्हती. तेलकट हात घेऊन आत यायची, आईला "आत्ती, साबण कुठं हाय?" विचारायची, आणि आईही विरघळायची. माझ्याशी बोलायचा प्रयत्न करायची. एकदा म्हणाली, "तू बी ये की रेंजवर. मामा म्हनतात तुझा कान लई तिखट हाय." आण्णा माझ्याबद्दल चांगलं बोलले, तेही तिच्यापाशी, आणि मला ते कळलं तिच्याकडून. मी म्हणाले, "मला अभ्यास हाय." तिची नखं काळी असायची आणि तिला कसलेच पावणे आडवे येत नव्हते.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी रेंजवर निवड होती. पहिल्या दोघी पुण्याला पुढच्या स्पर्धेला जाणार. ती दोघींत येणार, हे आण्णांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. सोबत हेही, की रायफलीला औषध आपलं हाय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं तो दिवाळीपेक्षा मोठा दिवस. पाने, पकडी, हातोड्या, जॅक, सगळं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. आणि एकदा पुजलं की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. अगदी कुणाची गाडी दारात बंद पडली तरी नाही. रेंजवरही रायफलींची पूजा व्हायची, आणि त्या वर्षी मास्तरांनी साफसफाईचा मान आण्णांना दिला होता. आण्णांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला होता.

अष्टमीच्या दुपारी ती आली. सणाला गावी निघाली होती, पाठीवर पिशवी. आण्णा दुरुस्त केलेली गाडी पोचवायला शाहूपुरीत गेले होते. मी एकटीच दारात.

"मामा न्हाईत? मला यष्टी गाठायची हाय," ती म्हणाली. "तू तेवढं त्यांना सांग. इसरू नको हं. माझी रायफल नळीच्या आतनं घासायची न्हाय. निवड हुईस्तोवर न्हाय. मागचा सरकता बोल्ट तेवढा धुवा, वरनं पुसा, बास."

"का?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नळी लई साफ झाली की पयल्या ईस-पंचवीस गोळ्या कुठल्याकुठं जात्यात. मागच्या महिन्यात तसंच झालतं. आतला शिसं-मेणाचा थर परत बसाय लागतोय. एरवी चालतंय, दुसऱ्या दिवशी तेवढ्या गोळ्या झाडून घेतो. पर आता पुजल्यावर रायफलीला हात लावाय मिळणार न्हाय, आनि निवडीच्या सकाळी चाचणीला पाचच गोळ्या देत्यात. मी तर थेट त्याच सकाळी येणार. सांगशील न्हवं?"

"सांगतो की," मी म्हणाले.

ती गेली. मी तिथंच तिच्या, म्हणजे माझ्या स्टुलावर बसले. इंजिन नवं केलं की सुरुवातीला हळू चालवावं लागतं, तसंच काहीतरी नळीचं असणार, हे मला लगेच उमगलं. आण्णांना ही गोष्ट माहीत नव्हती. त्यांच्या धंद्यात जितकं स्वच्छ तितकं चांगलं. म्हणजे रायफलीतलं एक गुपित असं होतं, जे मला ठाऊक होतं आणि आण्णांना नाही. ते मला फार गोड वाटलं. संध्याकाळी आण्णा आले आणि चपला काढता काढता विचारलं, "कोण आलतं का?"

"न्हाय कोण," मी म्हणाले.

हे मी ठरवून केलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण रात्रभर वेळ होता आणि सकाळही होती.

सकाळी आण्णा सदरा घालून औषधाच्या बाटलीपाशी उभे होते. बाटली उजेडाला धरून हलवत होते. मला राहवलं नाही. सांगावंच असं मनात येत होतं. मी म्हणाले, "आण्णा, नळी आतनं घासायलाच पायजे का? म्हंजे, न्हाय घासली तर..."

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "तुला काय कळतंय त्यातलं? जा, आईला हातभार लाव."

झालं. त्या एका वाक्यावर मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला कळत नाही ना? नाही तर नाही. ते स्कूटरवरून गेले आणि मी गॅरेजातली हत्यारं धुवायला बसले, कारण त्या वर्षी आण्णांना वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक पाना माझ्या हातातून गेला, आणि त्याचा मला तसूभर आनंद झाला नाही.

दुपारी आण्णा खूश होऊन परत आले. "आरशागत केली नळी," आईला सांगत होते. "चार येळा लाल औषध, चार येळा फडकं. शेवटचं फडकं पांढरंफेक निघालं. मास्तर पूजेच्या गडबडीत हुते. आता परवा बघू देत काय म्हनतात." मी भजी तळत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. पण रायफली पुजून झाल्या होत्या आणि आता सांगून उपयोग नाही, असं कारण मला आयतंच मिळालं. खोटं बोलणाऱ्याला कारणं कमी पडत नाहीत.

निवडीच्या दिवशी आण्णांनी मला बरोबर नेलं. "चल, बघ तरी, पोरी काय काय करत्यात." त्याच बोलण्यानं मला स्कूटरवर मागं बसल्या बसल्या परत जळायला झालं, म्हणजे बघा.

ती यष्टीतून उतरून थेट आली होती. आम्हाला बघून लांबूनच हसली. मग आडवी झाली, रायफल खांद्याला लावली. पाच चाचणीच्या गोळ्या. ती थांबली, दुर्बिणीतून कागद बघितला, रायफलीकडं बघितलं. मग हळूच मान वळवून मागं, माझ्याकडं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मुख्य डावातल्या सुरुवातीच्या गोळ्या डावी-उजवीकडं विखुरल्या. नंतर रायफल जमली आणि एकापाठोपाठ एक मधोमध बसत गेल्या. पण झालेलं नुकसान भरून निघालं नाही. ती तिसरी आली. दोन गुणांनी.

मास्तरांनी नळी उजेडाला धरली आणि कपाळाला हात लावला. "ही आतनं कुणी धुतली? निवडीच्या तोंडावर?" मग त्यांनी आण्णांना समजावून सांगितलं, तेच सगळं, जे ती मला दारात उभी राहून सांगून गेली होती. आण्णांचा चेहरा उतरत गेला. पांढरा सदरा घालून चार पोरींच्या समोर, हातात टोपी घेऊन, ते तिच्यापुढं उभे राहिले.

"बाळ, माझ्या हातनं तुझं वाटुळं झालं."

आता ती सांगणार. मी डोळे मिटले होते. खरंच मिटले होते.

"तुमचं न्हाय वो मामा," ती म्हणाली. "चूक माझी. तुमाला सांगायचं हुतं, गावाला जायच्या गडबडीत राहिलं बगा."

मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडं बघतही नव्हती. रायफल पेटीत ठेवत होती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. पण त्यावर लगेच जळफळाट झाला. हरली ती, आणि तरी मोठी तीच झाली. निदान तिनं मला शिवी तरी द्यायला हवी होती.

ती पुन्हा गॅरेजात आली नाही. बारावी झाल्यावर गावी गेली, पुढं तिकडंच शाळेत शिक्षिका झाली असं कानावर आलं. आण्णांनी रेंजवर जाणं सोडलं. लाल औषधाची उरलेली बाटली बूच घट्ट लावून माळ्यावर टाकली. महिनाभर ते कामापुरतंच बोलले. मग एके दिवशी, मी अंगण झाडत असताना, पडद्याच्या पलीकडून हाक आली.

"ए, हिकडं ये. ह्यो कार्ब्युरेटर धर."

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. गेले, धरला. त्यांनी माझ्या हातात पाना दिला. पावण्यांबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला सगळं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. मला जे हवं होतं ते मिळालं. पण प्रत्येक वेळी स्टुलावर बसताना वाटायचं, ही जागा रिकामी झाली म्हणून आपल्याला मिळाली.

वर्षं गेली. लग्न झालं, नवरा गावातलाच, आणि आईच्या पश्चात मी गॅरेज चालवायला लागले. मोबाईल आले, गाड्या बदलल्या. आण्णांचे हात थरथरायला लागले होते, ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आवाजावरून गाड्यांचे दोष सांगायचे. बहुतेक वेळा मी आधी सांगायची.

अशाच एका खंडेनवमीला मी माळा आवरायला काढला आणि ती बाटली सापडली. बुचातूनही निम्मं उडून गेलं होतं. डाळिंबी रंगाचा विटकरी गाळ झाला होता. मी ती खाली आणली. टाकून द्यावी, असं म्हणणार होते. आण्णांनी हात पुढं केला, बूच काढलं, वास घेतला.

"तुझी नेलपॉलिशची बाटली हुती ह्यात," ते म्हणाले.

त्यांना आठवत होतं, हे मला माहीत नव्हतं. मग मला थांबवेना. पाने पाटावर मांडता मांडता, त्यांच्याकडं न बघता मी म्हणाले, "आण्णा, त्या टायमाला ती अष्टमीला आलती. नळी घासू नका म्हनून सांगून गेलती. मी तुमाला सांगितलं न्हाय."

त्यांनी बाटलीचं बूच परत लावलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"तिनं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगितलं? ती इसरणारी पोरगी न्हवती. आनि तू त्या सकाळी इचारलंतस की मला, नळी घासायलाच पायजे का म्हनून. रेंजवरनं घरी येताना सगळं ध्यानात आलं."

मी हातातला पाना खाली ठेवला. "मग मला शिकवलंत कशाला?"

"तुला आधीच शिकवलं असतं तर निरोप पोचला असता," आण्णा म्हणाले, आणि हळदीकुंकवाची ताटली माझ्याकडं सरकवली.

मी पान्यांना कुंकू लावायला लागले. दोन-तीन पाने झाल्यावर ध्यानात आलं की अजूनही, इतक्या वर्षांनंतरही, माझ्या मनात सगळ्यात आधी काय खुपलं होतं. ती विसरणार नाही, याची त्यांना किती खात्री होती! मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि हात तिथंच थांबला. निरोप मीच दाबला, याचीही त्यांना तेवढीच खात्री होती. ती खात्री मनात ठेवून त्यांनी मला पाना दिला होता.